एका दिवसात किती डोंगर पडतात?

२४ जुलै २०२३, सोमवार. पनवेल.

दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीचं शोधकार्य काल थांबवलं. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा पत्ता नाही. आकडे मला पाढ्यासारखे पाठ झालेत, याचीच आज लाज वाटली.

बुधवारी रात्री दरड कोसळली. गुरुवारी रेड अलर्ट, शाळेला सुट्टी, त्यामुळे चिकू घरी. टीव्ही मी माझ्यासाठी लावलेला. तो फरशीवर गाड्या खेळत होता, त्याचं काही लक्ष नाही असं मी आपलं धरून चाललेले. वाडीपर्यंत रस्ता नाही, जेसीबी वर चढत नाही, माणसं भर पावसात कुदळ-फावड्याने माती उपसतायत. मधेच चॅनलवाल्यांनी २०२१ ची तळियेची दरड दाखवली, मग २०१४ ची माळीणची. दुपारी वरणभात कालवत होते, तर चिकू म्हणाला, "आई, एका दिवसात किती डोंगर पडतात?"

त्याने मोजले होते. अकरा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'संग्रहित' लिहिलेलं असतं, पण पहिलीतल्या पोराला जोडाक्षरं कुठे येतात? आणि तीच ती ड्रोनची दृश्यं पुन्हा लागली की त्याच्या हिशेबी आणखी एक डोंगर पडला. आमच्या बाल्कनीतून एरवी प्रबळगड दिसतो. त्या दिवशी ढगांत गुडूप. चिकू तीनदा जाऊन बघून आला. काही बोलला नाही.

रात्री पांघरूण घालायला गेले तर उशाशी चपला, शेजारी पाण्याची बाटली. पळायची तयारी.

टीव्ही तेव्हाच बंद केला. पण मोबाईल? तो घेऊन मी बाथरूममध्ये जायला लागले. नळ सोडून बातम्या बघायच्या, नवीन काही कळायचं नाही, तरी बघायच्या. न बघणं म्हणजे त्या माणसांकडे पाठ फिरवणं, असं काहीतरी मनात बसलेलं. बाहेर आले की चिकू माझ्या तोंडाकडे बघायचा. "अजून एक पडला?"

बॉस्टनच्या २०१३ च्या मॅरेथॉन स्फोटांनंतरचा एक अभ्यास मला माहीत होता. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या बघणाऱ्यांनी सांगितलेला ताण, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त होता. माहीत असून नळ सोडतच होते. माहिती असणं आणि हात आवरणं यांचा काडीचा संबंध नाही.

शनिवारी आईला फोन केला तर तिने किल्लारीचा भूकंप काढला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन. आम्ही सोलापूरला, मी आठ वर्षांची. कितीतरी रात्री अंगणात झोपलो. आई तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवायची, हादरा बसला की पडून आवाज व्हावा म्हणून. आई म्हणते, तेव्हा हे टीव्हीचं थेर नव्हतं म्हणून पोरं धड राहिली. मला नाही पटत. चित्रं नव्हती, पण 'आज रात्री परत होणार' ही अफवा होतीच, आणि फुलपात्र पडायची वाट बघत मी डोळे टक्क उघडे ठेवून पडायचे. एवढं मात्र खरं, की दिवसा हाताला काम होतं. गल्लीतल्या बायका भूकंपग्रस्तांसाठी भाकरी थापायच्या, मी चळती मोजून फडक्यात बांधायचे.

काल चिकूला जवळ घेऊन बसले. अकरा नाही, एकच डोंगर, तोही एकदाच, बाकीची चित्रं जुनी. आपलं घर पायथ्याशी नाही, प्रबळगड इथून लांब आहे. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिथली मुलं?" माझी फे फे. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, हे सांगितलं. त्यांचे आईबाबा कुठे होते, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले नसते, असं आत्ता वाटतंय. तेव्हाचं सांगता येत नाही.

थोड्या वेळाने त्याने दोन स्वेटर काढून आणले. एक लहानपणीचा, एक आत्ताचा. आत्ताचा राहू दे म्हणणार होते, गिळलं. दोन्ही पिशवीत भरले. सोसायटीतले काका खालापूरला दरडग्रस्तांसाठी सामान नेणार आहेत.

काल रात्री चपला परत उशाशी. काढून ठेव म्हटलं नाही. चिखलाचा वास मारत होत्या, म्हणून धुतल्या, पुसल्या आणि होत्या तिथेच ठेवल्या.