हिवाळ्यात राहायला बंदी असलेलं गाव

आइसलंडच्या वायव्य टोकाला, वेस्टफ्योर्ड्समध्ये, सूदाविक नावाचं मासेमारांचं गाव आहे. खरं तर दोन आहेत. जुन्या गावातली बरीच घरं अजून उभी आहेत, पण हिवाळ्यात तिथे मुक्काम करायला मनाई आहे. उन्हाळ्यात या, खुशाल राहा आणि बर्फाचे दिवस सुरू व्हायच्या आत कुलूप लावा. नवं गाव जवळच वसवलंय, डोंगराच्या माऱ्यातून बाजूला. १६ जानेवारी १९९५ च्या पहाटे झालेल्या हिमस्खलनात इथे १४ माणसं गेली, त्यातली ८ मुलं. रस्ता बंद, वादळ चालूच, म्हणून मदत समुद्रातून बोटीने आली.

माळीण, तळिये, इर्शाळवाडीच्या बातम्या वाचलेल्या माणसाला ही मनाई ऐकून आधी हेवा वाटतो, मग शंका येते. लोक पाळतात? पाळतात, कारण आधी घरांचे पैसे मोजले गेले. नुसता धोक्याचा फलक लावला असता तर इथल्याही लोकांनी घरं सोडली नसती.

याच भागात फ्लाटेरी हे गाव आहे. सूदाविकनंतर नऊ महिन्यांनी, २६ ऑक्टोबर १९९५ ला, तिथे २० माणसं झोपेत गाडली गेली. खरा हादरा बसला तो यामुळे, की उद्ध्वस्त झालेली बहुतेक घरं नकाशावरच्या धोक्याच्या रेषेबाहेर होती. म्हणजे नकाशाच चुकला होता. त्यापूर्वी १९१० मध्ये ह्निफ्सदालुरला २० आणि १९७४ मध्ये नेस्कौपस्तादुरला १२ जण गेले होते. दर वेळी हळहळ झाली, पण पद्धत बदलली ती १९९५ नंतर.

नवी पद्धत अशी. 'हिमस्खलन इथवर येतं' अशी एकच रेषा न ओढता, साध्या घरात कायम राहणाऱ्या माणसाचा वर्षभरातला मृत्यूचा धोका काढतात. लाखात ३ पर्यंत चालेल. ३ ते १० म्हणजे ए पट्टा, १० ते ३० बी, त्यावर सी. बी पट्ट्यात घर बांधायचं तर भिंती मजबूत कराव्या लागतात. सी मध्ये राहती घरं नव्याने बांधताच येत नाहीत. माणसाचा जीव असा दशांशात मोजलेला बघून पहिल्यांदा अंगावर येतं. पण हाच आकडा हातात असल्यामुळे सरपंचाचा मेहुणा असो की कोणी, वाद घालायला जागा उरत नाही.

पैसा कुठून येतो? देशातल्या प्रत्येक इमारतीच्या विमामूल्यावर दरवर्षी हजारी ०.३ कर. पाच कोटी क्रोनांच्या घराला १५ हजार क्रोना. राजधानीतल्या सपाट जमिनीवरचा फ्लॅटवालाही तो भरतो. या कराच्या निधीतून बर्फ अडवणाऱ्या-वळवणाऱ्या बांधांच्या खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, उरलेला गावाचा.

फ्लाटेरीच्या डोक्यावर इंग्रजी ए अक्षरासारखे मातीचे बांध आहेत. दोन तिरक्या भुजा, प्रत्येकी सुमारे ६०० मीटर लांब, १५ ते २० मीटर उंच. मधे आडवा, बुटका बांध. तिरक्या भुजांनी बर्फ अडवायचा नसतो, वळवून समुद्रात घालवायचा असतो. समोरून आडवा धरला तर वेगातला बर्फ बांधावर चढतो. कोन जितका निमुळता, तितकी कमी उंची पुरते. १९९९ आणि २००० मध्ये हे जमलं. १४ जानेवारी २०२० च्या रात्री मात्र गावावरच्या डोंगरातल्या दोन्ही घळींतून लागोपाठ बर्फ सुटला. काही भाग बांधावरून उडून एका घरात घुसला. आतल्या मुलीला अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर काढलं, ती वाचली. बांधाने वळवलेला बाकीचा लोट बंदरात शिरला आणि बोटी बुडाल्या. कोरडा, भुसभुशीत बर्फ हिशेबात धरल्यापेक्षा जास्त उसळतो, आणि वळवलेलं संकट कुठेतरी जातंच, हे दोन्ही तेव्हा कळलं.

बांधाइतकाच गावातला निरीक्षक मोलाचा. हवामान खात्याने नेमलेला हा गावचाच माणूस बर्फात खड्डा खणतो, ३० सेंटिमीटर चौरसाचा खांब मोकळा करतो, त्यावर फावडं ठेवून दहा थापा मनगटातून मारतो, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्या थापांतच थर सरकला तर आत कच्चा थर आहे. पण भर वादळात वर जाताच येत नाही, म्हणून वाऱ्याची दिशा बघत राहायचं. पठारावरचा बर्फ वारा घळीत लोटतो. आभाळातून कमी पडला तरी घळ भरते.

आता आपली बाजू. आइसलंडमधले हे सगळे बांधही आधी २०१० पर्यंत, मग २०२० पर्यंत पुरे व्हायचे होते. झाले नाहीत, आणि गोळा झालेला सगळा कर बांधांवर खर्चही झाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्याच सेदिसफ्योर्दुर गावात पाच दिवसांत सुमारे ५७० मिलिमीटर पाऊस झाला, दरडी आल्या, गाव रिकामं केलं, देशभर नोंद झाली. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ ला २४ तासांत ५९४ झाला होता! शिवाय मच्छीमाराची बोट बंदरातच असते, गाव हललं तरी धंदा हलत नाही. भातखाचरं, गुरं आणि गोठा पाठीशी असलेल्या कुटुंबाला पाच किलोमीटर दूर घर देणं म्हणजे रोजची पायपीट देणं. मोजकी गावं सांभाळणं वेगळं, अख्खा सह्याद्री वेगळा.

एवढं बोलूनही माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ ला गाव गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आली ती एसटीच्या चालकाकडून. बांध परवडत नसतील, पण निरीक्षक परवडतो. वाडीत एक पर्जन्यमापक, दर तासाला नोंद. सोबत ठरलेल्या खुणा बघायच्या: उतारावर नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ किंवा बंद, खांब नि झाडं कललेली, दारं चौकटीत अडकायला लागलेली. लोकांना हलवायचे अधिकार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाकडे आहेतच. ठरवायचं राहतं ते इतकंच, की किती मिलिमीटरला कुठली वाडी रात्रीच्या रात्री हलवायची आणि तो फोन कोणी उचलायचा.