करपा शोधला की करप्याची माहिती सापडायला हवी

मराठी वेबसाइट म्हणजे आधी इंग्रजीत आखायची आणि मग तिच्यात मराठी मजकूर ओतायचा, असा समज आमच्या धंद्यात सर्रास आहे. संभाजीनगरच्या आमच्या छोट्या क्रिएटिव्ह एजन्सीत मी डिझाइन आणि फ्रंटएंड दोन्ही बघते. वसमत भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम हातात आलं, तेव्हा या समजापायी वाचणाऱ्याचं किती नुकसान होतं ते अगदी जवळून बघायला मिळालं. ते काम कसं तडीला गेलं ते जरा सविस्तर लिहिते. मराठवाड्यात अशा कंपन्या आता बऱ्याच झाल्यात आणि यातल्या बहुतेक अडचणी त्यांच्याही वाट्याला येणारच आहेत.

कंपनी हळदीची. हिंगोली-नांदेडचा पट्टा हळदीचा, आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरच्या खरेदीदारांना दाखवायला चार चांगली पानं हवीत, ही त्यांची एक मागणी होती. ते काम सोपं होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. दुसरी मागणी खरी महत्त्वाची. कंपनीने कितीतरी वर्षं सभासदांसाठी सल्ल्याची पत्रकं छापली होती. बेणेप्रक्रिया, लागवडीसाठी जेठे (मुख्य) गड्डे आणि बगल (बाजूचे) गड्डे यांची निवड, कंदमाशी, कंदकूज, करपा (पानावर डाग पाडणारा रोग), काढणी, शिजवणी, पॉलिश, सगळं त्यात होतं. अध्यक्षांना आम्ही काका म्हणायचो. ते म्हणाले, "ताई, हे समदं फोनवर आलं पाहिजे. पोरगं शेतात उभं राहून बघायलंय की पानावर डाग कशाचा, तवा त्याला दोन मिनिटांत सापडलं पाहिजे." एवढी नेमकी मागणी मोठ्या शहरातल्या ग्राहकांकडूनही मला क्वचितच ऐकायला मिळाली आहे.

पत्रकं पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत होती, युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. अशा फायलीत खरं मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, त्यांना मराठी चेहरा फॉन्ट देतो. फॉन्ट काढून घेतला की हळदीच्या जागी नुसत्या आडव्यातिडव्या खुणा उरतात. युनिकोड १९९१ साली आलं आणि त्यातला देवनागरीचा भाग तर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्याच प्रमाणावर बेतलेला आहे. तरी डीटीपीची दुकानं त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या फॉन्टवर चालली, कारण छपाईचं त्यात काही अडत नव्हतं. कागदावर अक्षर नीट उमटलं की काम झालं. फोनवर मात्र तोच मजकूर शोधायचा असतो, कॉपी करून व्हॉट्सॲपवर धाडायचा असतो, मोठा करून वाचायचा असतो. त्यासाठी आतले क्रमांकही मराठीचेच लागतात.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते कुठे अडखळतात हे माहीत असावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणारा डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करायचा. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी, रफार डोक्यावर शेवटी येतो म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. आता 'बेणे निर्मिती' यातला 'निर्मिती' घ्या. त्यातल्या 'र्मि'मध्ये जुन्या फायलीत वेलांटी, मग म, मग रफार असं होतं. युनिकोडला हवं र, हलन्त (पाय मोडायची खूण), म आणि मग वेलांटी. म्हणजे वेलांटीला म ओलांडून पुढे जायचं आणि रफाराला त्याच म-ला ओलांडून मागे यायचं. आमच्या कन्व्हर्टरला यातलं एकच जमत होतं. जिथे एकाच अक्षरावर दोन्ही यायचे तिथे शब्द मोडायचा. हे नियम मी वेगळे लिहून काढले आणि मोडलेल्या शब्दांची यादी करत करत ते सुधारत गेले.

काही गोष्टी तर डोळ्यांना दिसतच नाहीत. जुन्या टंकलेखकांनी 'आ' कधी 'आ'च्या कळीने टाइप केलाय, कधी 'अ'ला काना जोडून. छापल्यावर दोन्ही सारखेच. वेबवर 'अ' अधिक काना हे वेगळं प्रकरण ठरतं आणि पुष्कळ ब्राउझर काना टिंबांच्या वर्तुळावर टांगून दाखवतात. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक 'अ'वर अर्धचंद्र देऊन काम भागवायचे, आणि ती सवय अजून गेलेली नाही. शेतीच्या मजकुरात हा 'ॲ' पावलोपावली येतो. ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, ह्युमिक ॲसिड. जीवाणू खतांच्या एका पत्रकात तर जवळजवळ प्रत्येक ओळीत टिंबांची वर्तुळं उमटली होती. वसमतचे एक निवृत्त मराठी शिक्षक ही पानं तपासायला तयार झाले. त्यांनी प्रिंटवर लाल पेनाने खुणा केल्या आणि समासात 'ही गोल भानगड काय आहे?' असं लिहून पाठवलं. सर नसते तर हे काम इतकं नीट झालंच नसतं. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर 'कंदमाशी'ला चूक म्हणायचं, सर 'कंदमाशी' कुठल्या महिन्यात लागते तेही सांगायचे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'ऱ्या'पायी. शेतकऱ्यांसाठीची वेबसाइट, तेव्हा 'शेतकऱ्यांनी', 'शेतकऱ्यांना', 'शेतकऱ्यांचा' हे शब्द सगळीकडे. हा 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आमच्या कन्व्हर्टरमधून दुसरा प्रकार येत होता आणि फोनच्या कीबोर्डवरून टाइप केलं की पहिला. परिणाम असा की सभासद 'शेतकऱ्यांना' टाइप करून शोधतोय, तो शब्द शेकडो ठिकाणी डोळ्यांसमोर आहे, आणि वेबसाइट सांगतेय 'काहीही सापडले नाही'. युनिकोडचं ठरावीक प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत, वापरून हे सुटत नाही, कारण त्या प्रमाणीकरणाच्या लेखी हे दोन प्रकार एक नाहीतच. अदृश्य चिन्ह सरसकट उडवून टाकावं म्हटलं तर 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होऊन बसतं. म्हणून नेमकं र, हलन्त आणि जोडचिन्ह हे त्रिकूट पकडून त्याजागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचा नियम केला. मजकूर साठवताना तो लागू होतो, आणि शोधायला टाइप केलेल्या शब्दालाही. मराठी वेबसाइटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा नियम पहिल्याच दिवशी घालावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

शोध एवढ्यावर सुटला नाही. मराठीत नाम विभक्तीला जाताना रूप बदलतं. 'हळद' शोधली तर 'हळदीला' सापडतं, कारण सुरुवात तीच आहे. पण 'करपा' शोधला तर 'करप्याची लक्षणे' हे शीर्षकच सापडत नाही. 'बेणे' शोधलं तर 'बेण्याची' निसटतं, 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा ताण'. इंग्रजीसाठी तयार मिळणारी शोधयंत्रणा इथे फार कामाला येत नाही. आम्ही हळदीच्या पिकात येणाऱ्या नामांची यादी केली आणि प्रत्येकाचं सामान्यरूप त्याला जोडलं. शब्दसंग्रह एका पिकापुरता असल्यामुळे यादी आवाक्यात राहिली. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत शोधाने सढळ असावं असंही ठरवलं. 'कंदकुज' टाइप करणाऱ्यालाही कंदकूज मिळायलाच हवी, शेतात उभ्या माणसाची तिथे परीक्षा कशाला घ्यायची? 'halad karpa' असं इंग्रजी अक्षरांत लिहिणारेही बरेच निघाले, त्यांच्यासाठी त्याच यादीत रोमन लिपीतली रूपं भरली.

दिसण्याकडे वळलो तेव्हा पहिला निर्णय फॉन्टचा. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, हे राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही आहे. वेबवर मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. यासाठी वेगळा फॉन्ट शोधावाच लागतो असं नाही. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आतच असतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा म्हणून 'एमआर' लिहिलं की ब्राउझर ती बाहेर काढतो. तयार थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या आयत्या साच्यात, तिथे इंग्रजीचा 'ईएन' असतो आणि तो बदलायचं कुणाला सुचत नाही. बदलल्यावर सरांना पान दाखवलं. ते फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हां, हा आपला श."

थीममधल्या आणखी दोन गोष्टी काढाव्या लागल्या. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसत असेल, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाने, अक्षराच्या १.२ पट. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसायला लागला. १.७ वर नेल्यावर मजकूर मोकळा झाला. फॉन्टची वजनं दोनच ठेवली, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल लॅटिनपेक्षा जड असते, आणि शेतात रेंज कधी असते कधी नसते. बारीक वजन तसंही उन्हात दिसत नाही. आमच्या ऑफिसच्या काचेआड जे नाजूक आणि सुंदर वाटत होतं, ते वसमतच्या उन्हात काकांच्या साध्या फोनवर पाहिलं तेव्हा त्यांनी फोन हाताने झाकत सांगितलं, "दिसायलंच नाही हे."

रंगावरून मात्र बराच खल झाला. हळदीची कंपनी म्हणजे सगळं पिवळं हवं, हा संचालक मंडळाचा आग्रह साहजिक होता. वाचनीयतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं की मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा घेतला तर तो जेमतेम १.०७ भरतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. बैठकीत मी आकडे बाजूला ठेवले आणि दोन पानं फोनवर उघडून अंगणात उन्हात नेली. पिवळी अक्षरं असलेलं पान कुणालाच वाचता येईना. पिवळ्या पट्ट्यावर गडद तपकिरी अक्षरं असलेलं पान सगळ्यांनी वाचलं. पिवळा राहिला, फक्त अक्षरांच्या मागे गेला.

आता कंपनीतली एक मुलगी नवीन पत्रकं स्वतः चढवते. ती कुठल्याही कीबोर्डवरून टाइप करो, 'ऱ्या', 'ॲ' आणि 'आ' साठवतानाच सरळ होतात. सध्या एसएमएसचं काम चालू आहे, कारण प्रत्येक सभासदाकडे स्मार्टफोन नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि त्या सत्तरात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसणारा 'शेतकऱ्यांना' तिथे ११ जागा खातो. त्यात मजकूर आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर टेम्पलेट म्हणून नोंदवून घ्यावा लागतो, म्हणजे मागाहून हवा तसा बदलता येत नाही. काकांनी पहिला मसुदा 'सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की' असा सुरू केला होता. तेवढ्यातच निम्मा संदेश संपला. दोघांनी बसून छाटत छाटत तो इथवर आणला: 'हळदीवर करपा. पाऊस उघडल्यावर फवारणी करा.' याच्या ३९ जागा झाल्या, उरलेल्या ३१ मध्ये करप्याच्या पानाची लिंक बसते.