छप्पर की पट्ट्या

परसदारातल्या १४ बाय १२ फुटांच्या मोकळ्या जागेवरून आमच्या घरात होळीपासून वाद चाललाय. ह्यांना परगोला पाहिजे, म्हणजे वर नुसत्या फळ्या आणि मधे फटी. कुणाच्या तरी फार्महाऊसवर जेवायला गेले होते, तिथं फळ्यांमधून पट्ट्यापट्ट्यांचं ऊन ताटात पडलेलं बघून आले आणि तेव्हापासून घरात तेच. मला छप्पर पाहिजे. धो धो पाऊस लागलेला असताना खाली बसून भाजी निवडता यावी, एवढीच माझी अपेक्षा. फॅब्रिकेशनवाला माझ्या छपराला कव्हर्ड पॅटिओ म्हणतो. सासूबाई दोन्हीला मांडव म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

फॅब्रिकेशनवाल्याच्या हाताखालच्या पोरानं मोबाईलवरचा परगोला बघितला आणि म्हणाला, "अक्का, इदु हंदर अल्लेन्री?" हा हंदरच नव्हे का, असं कानडीत. हंदर म्हणजे मांडवच, लग्नाचाही आणि वेलाचाही. सासूबाईंना इतका आनंद झाला की पोराला दुसरा चहा मिळाला.

नावांची तर भलतीच गंमत आहे. पॅटिओ हा स्पॅनिश शब्द, घराच्या आतल्या उघड्या चौकाचा, आपल्या वाड्यातल्यासारखा. परगोला आला लॅटिन पर्गुलावरून, म्हणजे भिंतीपुढं काढलेलं छप्पर. थोडक्यात, पाऊस गाळणाऱ्याला छपराचं नाव आणि छपरवाल्याला उघड्या चौकाचं!

शेवटी ह्यांनी मे महिन्यात प्रयोगच केला. बांबूच्या मेढी रोवल्या, वर जुन्या फळ्या धारेवर उभ्या बांधल्या: १ इंच जाड, ४ इंच उंच, मधे ४ इंचांची फट, लांबी दक्षिणोत्तर. दुपारी चारला खरंच सुरेख सावली. ऊन तिरपं झालं की फळी फळीला झाकते. चहा तिथंच घेतला आणि मी जवळजवळ हरले होते. पण मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर येतो. फळ्यांची सावली फळ्यांएवढीच, इंच-इंच रुंद; बाकी सगळं ऊन सरळ खाली. सासूबाईंनी तेवढ्यात तिथं सांडगे घातले. वर बांबूला जुनी साडी बांधली की कावळ्याची भीती नाही, म्हणाल्या. दोन दिवसांत खडखडीत वाळले. ज्या मांडवाखाली सांडगे वाळतात त्याखाली माणसानं का बसावं, हे मी ह्यांना विचारलं. त्यांनी पेपर वर धरला.

वेल चढवला की सावली होते, हे खरं. पण मिरगानंतरचं काय? आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. खानापूरकडनं वारा घेऊन तिरका घुसतो, छपराखालीसुद्धा कडेची तीन-चार फुटं भिजवतो. लाकूड काळं पडतं, त्यावर बुरशी, मग वाळवी. परगोल्यावर पारदर्शक शीट टाकू म्हणतात, म्हणजे एप्रिलात खाली भट्टी.

माझ्या मनात कौलं आहेत, पत्रा नको. पत्र्यावर पाऊस वाजला की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागतं. कौलांना मात्र चांगला उतार लागतो आणि वजनही फार. एक कौल दोन-अडीच किलोचं. आमच्या जागेला पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे कोरडीच सहाशे किलोच्या वर, भिजली की आणखी. बांबूचं काम नव्हे. आणि खरी भानगड भिंतीच्या सांध्यात. उतार घरापासून बाहेर काढला तरी भिंतीला छप्पर भिडतं तिथूनच पाणी आत येतं. माहेरी त्या एका सांध्याखाली वर्षानुवर्षं घमेलं ठेवलेलं मी बघितलंय, त्यामुळं गवंड्याला सगळ्यात आधी तेच विचारलं.

गवंडी परवा टेप घेऊन आला, पावसाच्या उघडिपीत. मेढी उपटून मोजमाप घेऊ म्हणाला. तर मेढीला दोडका! सासूबाईंनी मिरगाच्या आधी चार बिया टोचल्या होत्या, आम्हा दोघांनाही न सांगता. वेल फळ्यांवर पसरलाय, पिवळी फुलं आलीत, आणि एक बोटाएवढा दोडका बरोब्बर मधल्या फटीतून खाली लोंबतोय.

"दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही," सासूबाई गवंड्याला म्हणाल्या.

त्यानं टेप गुंडाळला आणि जाताना वाफ्यातलं अळू मागून नेलं.