पाच नावांची यादी आणि शेल्फवर प्रत्यक्ष आलेले डायनासोर

गेल्या वर्षाच्या अखेरीस खेळण्यांच्या कंपन्यांच्या नव्या डायनासोर मॉडेलांच्या घोषणा सुरू झाल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे मी वहीत एक यादी केली होती. तिच्यात पाच नावे होती: प्लेटिओसॉरस, नव्या शेपटीचा स्पायनोसॉरस, ओठ असलेला टायरॅनोसॉरस, डायनोकायरस आणि सिटॅकोसॉरस. आज ते पान उघडले, तर दोन नावांपुढे बरोबरची खूण आहे, एकावर काट आहे, एकापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि शेवटच्या नावापुढे ‘स्वतःच करणे’ असे लिहिलेले आहे. यादीतील एकही नाव दुर्मीळ किंवा विक्षिप्त नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

काट प्लेटिओसॉरसवर आहे आणि तिचे दुःख सर्वांत अधिक आहे. हा लांब मानेचा प्राणी मॉडेल जमवणाऱ्या संग्राहकांच्या दृष्टीने कायम उपेक्षित राहिला आहे. हेर्मान फोन मायर यांनी त्याला १८३७मध्ये नाव दिले, म्हणजे ‘डायनासोर’ हा शब्द छापला जाण्याच्याही पाच वर्षे आधी. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून त्याचे इतके सांगाडे निघाले आहेत की त्याच्या शरीररचनेविषयी अंदाज बांधण्याची गरज फारशी उरलेली नाही. त्यामुळे एका कंपनीने त्याची घोषणा केली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. तो चित्र पाहीपर्यंत टिकला. प्राणी चारही पायांवर चालत होता आणि पुढचे तळवे सपाट जमिनीवर टेकलेले होते. प्लेटिओसॉरसच्या हाताची हाडे तळवा खाली वळू देत नव्हती, हे २००७मध्येच दाखवून झाले आहे. त्याचे तळवे टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर राहत आणि तो मागच्या दोन पायांवर चालत असे. हाताच्या ठेवणीत झालेली चूक एरवी मी मनगटापाशी गरम करून सुधारली असती, पण येथे सगळी ठेवणच चार पायांची होती. पाठ, कंबर, मान, सगळे त्याच हिशेबाने घडवले होते. हे मॉडेल मी घेतले नाही.

याच संदर्भात माझे एक मत नोंदवते, कारण पुढच्या नोंदींचा त्याच्याशी संबंध आहे. संशोधन पुढे गेल्यामुळे एखादे मॉडेल जुने झाले, तर मला त्याचा राग येत नाही. ज्या दिवशी घोषणा झाली त्याच दिवशी जे जुने होते, त्याचा येतो. पहिल्या प्रकारात शिल्पकाराने त्या वेळी जे माहीत होते ते प्रामाणिकपणे मांडलेले असते. दुसऱ्यात कोणीतरी जुने चित्र समोर ठेवून काम उरकलेले असते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून माझ्याकडे स्पायनोसॉरसचे अख्खे कुटुंब आहे. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधील बहरिया येथील जीवाश्मांवरून १९१५मध्ये त्याचे वर्णन केले आणि तेच जीवाश्म एप्रिल १९४४मध्ये म्युनिकवर झालेल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले. पुढची अनेक दशके खेळणी बनवणाऱ्यांनी मगरीच्या तोंडाचा, पाठीवर शीड असलेला, बाकी मात्र नेहमीच्या शिकारी डायनासोरसारखा उंच पायांचा प्राणी घडवला. माझा पहिला स्पायनोसॉरस तसाच आहे. मग २०१४मध्ये आखूड मागचे पाय असलेली नवी मांडणी आली. त्यानुसार घडलेला दुसरा मी मोठ्या उत्साहाने आणला. एप्रिल २०२०मध्ये शेपटीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि ती निमुळती, साधी शेपटी नसून मणक्यांच्या उंच काट्यांनी बनलेले रुंद वल्हे होते, असे समजले. माझा दुसरा स्पायनोसॉरस अशा प्रकारे एका सकाळीत निवृत्त झाला. तो पाण्यात बुडी मारून शिकार करत असे की उथळ पाण्यात उभा राहून, यावर अजूनही वाद चालू आहे. त्यामुळे या वर्षी आलेल्या तिसऱ्याच्या नोकरीचीही मी हमी देत नाही. तिघे एकाच फळीवर ओळीने उभे आहेत आणि त्यांतील एकालाही काढावेसे मला वाटत नाही.

तिसऱ्याविषयी थोडे अधिक. शेपटी अप्रतिम आहे: काट्यांमधली कातडी किंचित खोलगट दाखवली आहे आणि टोकाकडे जाताना तिची जाडी खरोखर कमी होते. निराशा रंगाने केली. घोषणेच्या छायाचित्रात शिडावर गडद पट्ट्यांच्या कडा हळुवारपणे विरघळत गेलेल्या दिसत होत्या. हातात आलेल्या मॉडेलवर त्याच पट्ट्या चिकटपट्टी लावून रंगवल्यासारख्या तुटक आहेत. यामागचे कारण आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे, पण नव्यांसाठी लिहिते. घोषणेच्या चित्रातील नमुना एका माणसाने हाताने, कदाचित कित्येक दिवस बसून रंगवलेला असतो. कारखान्यात मॉडेलच्या आकाराचे मुखवटे लावून, त्यांच्या खिडक्यांतून रंगाचा फवारा मारतात आणि डोळ्यांसारखे बारीक तपशील मऊ पॅडने छापतात. मुखवटा अर्धा मिलिमीटर सरकला की पट्टा सरकतो. पॅड सरकले की प्राणी तिरळा होतो. माझ्या स्पायनोसॉरसचा डावा डोळा भुवईवर छापला गेला होता. तो खरवडून मी पुन्हा रंगवला आणि त्याला वीस मिनिटे लागली. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी इन्विक्टा या कंपनीने १९७४पासून काढलेली मॉडेले सुरुवातीला एकाच रंगाची असत, तेव्हा ही कटकटच नव्हती, हे त्या वीस मिनिटांत अनेकदा आठवले.

छायाचित्रावरून मन बनवू नये, हे मी दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी बनवते.

आता टायरॅनोसॉरस. या प्राण्याची मागणी कोणी करावी लागत नाही, कारण प्रत्येक कंपनी दर एक-दोन वर्षांनी तो काढतेच, आणि त्यामुळे प्लेटिओसॉरससारख्यांची जागा जाते, अशी माझी जुनी तक्रार आहे. तरीही या वर्षी तो यादीत होता, तो केवळ ओठांसाठी. थेरोपॉडांचे, म्हणजे टायरॅनोसॉरससारख्या दोन पायांच्या शिकारी डायनासोरांचे, दात मगरीसारखे उघडे नसून घोरपडीसारखे ओठांआड झाकलेले असावेत, अशी मांडणी २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. ती सर्वांना मान्य आहे असे नाही, पण तोंड मिटलेला, दात न दाखवणारा टायरॅनोसॉरस मला त्या गर्जना करणाऱ्या गर्दीपेक्षा कितीतरी अधिक भीतिदायक वाटतो. मोठे उत्पादक असे मॉडेल काढायला कचरतात, कारण दात दिसले नाहीत तर मूल ते उचलणार नाही, अशी त्यांची धारणा दिसते. अखेर एका लहान निर्मात्याने ते काढले आणि यादीतील दुसरी खूण तेथे पडली.

माप घेतल्यावर समाधान झाले. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘सू’ हा सांगाडा सुमारे १२.३ मीटर लांब आहे. १:३५ प्रमाणात तो ३५ सेंटीमीटर होतो. पाठीच्या कण्यावरून दोरा फिरवून मोजले तेव्हा या मॉडेलची लांबी ३४ सेंटीमीटर भरली. (नाकापासून शेपटीपर्यंत सरळ पट्टी धरून माप घेणाऱ्यांनी ही सवय सोडावी, शेपटी वळलेली असली की चार-पाच सेंटीमीटर सहज हरवतात.) माझा मूळ संग्रह १:४० प्रमाणाचा आहे, कारण मी सुरुवात कार्नेगी संग्रहालयाच्या नावाने १९८८ ते २०१५ या काळात निघालेल्या मॉडेलांपासून केली होती आणि त्यांचे प्रमाण तेच होते. त्यामुळे हा नवा प्राणी शेजाऱ्यांच्या तुलनेत थोडा थोराड दिसतो, पण मोठा नर किंवा मोठी मादी म्हणून खपून जातो.

न खपणारी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. प्राणी पुढे झुकू लागला. दोन पायांवर उभ्या असलेल्या प्रत्येक पीव्हीसी मॉडेलचे हे दुखणे आहे: सगळे वजन दोन घोट्यांवर येते, डोके जड असते आणि पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेला प्लास्टिसायझर त्याला उकाड्यात आणखी नरम करतो. म्हणूनच काही निर्माते पावले मुद्दाम मोठी करतात, काही पायाखाली तळपाट देतात आणि काही पोटाखाली पारदर्शक काडी. मला काडी आवडत नाही, म्हणून मी गरम पाण्याचा उपाय केला. उकळी थांबलेल्या पाण्यात घोटे सुमारे एक मिनिट बुडवायचे, पाय हव्या त्या कोनापेक्षा किंचित अधिक मागे वाकवायचे, तसेच धरून थंड पाण्यात घालायचे आणि प्लास्टिक पूर्ण कडक होईपर्यंत सोडायचे नाही. पहिल्या प्रयत्नात मी घाई केली आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा झुकला. दुसऱ्या प्रयत्नात मांडीपर्यंत बुडवला आणि पोकळ धडाच्या जोडावरून पाणी आत शिरले. नंतर दोन दिवस तो हलवला की पोटात पाणी खळखळत असे. शेपटीच्या जोडापाशी सुईने एक बारीक भोक पाडून ते काढले, भोक बुजवले, आणि आता चार महिने तो सरळ उभा आहे. पाणी जोडाच्या खालीच राहू द्या, एवढे या प्रकरणातून घ्या.

प्रश्नचिन्ह डायनोकायरसपुढे आहे. दोनदा तारीख जाहीर झाली आणि दोनदा टळली. आता घोषणेचे पानही शांत आहे. साचा बनवून झाला की नाही, हे कळायला मार्ग नाही. पोलादी साचा हा या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च असतो आणि कुबड, लांब हात, रुंद चोच अशा खाचाखोचांच्या प्राण्याला तो अनेक तुकड्यांत करावा लागतो, त्यामुळे उशीर समजण्यासारखा आहे. मौन समजण्यासारखे नाही. अर्थात हा प्राणी वाट पाहायला लावण्यात मुरलेला आहे. १९६५मध्ये पोलिश-मंगोलियन मोहिमेला गोबी वाळवंटात त्याचे केवळ २.४ मीटर लांबीचे हात आणि इतर थोडी हाडे सापडली, १९७०मध्ये हाल्श्का ओस्मूल्स्का आणि एव्हा रोनिएविच यांनी त्यावरून नाव दिले, आणि बाकीचे शरीर कसे होते हे जगाला २०१४मध्ये कळले. त्यामानाने माझे दीड वर्ष काहीच नाही, असे मी स्वतःला समजावते आणि तरी दर आठवड्याला ते पान उघडून पाहते.

सिटॅकोसॉरसची, म्हणजे पोपटासारख्या चोचीच्या छोट्या डायनासोरची, घोषणा कोणीच केली नाही. मला तो विशिष्ट रूपात हवा होता. फ्रांकफुर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयातील नमुन्यात कातडीवरील रंगद्रव्याचे अवशेष टिकले आहेत आणि २०१६मध्ये त्यांवरून त्याचा रंग कसा होता हे मांडले गेले: पाठ व चेहरा गडद, पोट व शेपटीची खालची बाजू फिकट, म्हणजे पानांतून झिरपणाऱ्या मंद उजेडात लपण्यासाठी योग्य छटा. रॉबर्ट निकोल्स यांनी त्यावरून घडवलेले पूर्णाकृती शिल्प ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी का हटून बसले आहे ते समजेल. शिवाय त्याच नमुन्याच्या शेपटीवर सुमारे १६ सेंटीमीटर लांबीच्या काटक्यांसारख्या ताठ केसांची रांग आहे. ज्या प्राण्याविषयी आपल्याला इतके नेमके माहीत आहे, तो कारखान्यातून हिरवागार आणि टकल्या शेपटीचाच येत राहतो.

म्हणून जुन्या, १:१० प्रमाणाच्या एका मॉडेलवर मी काम सुरू केले. पहिली चूक प्रायमरची झाली: मऊ पीव्हीसीवर डब्यातील फवाऱ्याचा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला आणि तो पंधरा दिवसांनीही बोटाला चिकटत होता, कारण त्यातील द्रावक आणि प्लास्टिसायझर यांचे जमले नाही. सगळा थर काढून मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर गेला, आणि मग पातळ केलेला ॲक्रिलिक रंग थेट कुंचल्याने, चार हातांत लावला. पोटापासून पाठीकडे जाताना छटा कोठे बदलावी हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. सीमा फार वर गेली की प्राणी पोपट दिसतो आणि फार खाली गेली की उंदीर. अखेर सीमा खूप खाली, मांडीच्या निम्म्यावर ठेवली. गालांची शिंगे गडद केल्यावर चेहऱ्याला एकदम भारदस्तपणा आला.

शेपटीच्या केसांसाठी रंगकामाच्या स्वस्त ब्रशचे नायलॉनचे केस कापून घेतले. प्रमाणाप्रमाणे त्यांची लांबी १.६ सेंटीमीटर हवी. शेपटीवर मध्यरेषेत सुईने भोके पाडून, प्रत्येकात दोन-तीन केस गोंदाच्या थेंबाने बसवायचे, असे चालले आहे. आजपर्यंत एकतीस झाले. पहिले नऊ उपटून पुन्हा लावावे लागले, कारण ते सगळे एकाच कोनात उभे होते आणि प्राण्याच्या शेपटीवर दात घासण्याचा ब्रश बसवल्यासारखे दिसत होते. आता प्रत्येक केस थोडा मागे कलवून, लांबी किंचित कमीजास्त ठेवून लावते. शेपटीचे टोक अजून मोकळे आहे, आणि सगळे बसल्यावर मंद चमकेचा वार्निश द्यावा की पूर्ण मॅट, हे ठरलेले नाही. कोणी मऊ पीव्हीसीवर मॅट वार्निश वर्षभर टिकवला असेल, तर त्याने तो कसा लावला ते मला हवे आहे.