खोल समुद्रातलं पाणी घेताना : माझा अनुभव

रोझेट, म्हणजे पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्यांची गोल चौकट, पाण्यात उतरण्याआधीची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चौकटीवर १० लिटरच्या २४ निस्किन बाटल्या (दोन्ही टोकांना उघडणाऱ्या नळ्या) उभ्या होत्या. दोन्हीकडची झाकणं ताणून दोऱ्या आकड्यांत अडकवायच्या, खालची तोटी आणि वरचा हवेचा स्क्रू बंद आहे का, हे प्रत्येक बाटलीला हात लावून बघायचं. बाटली उघडीच खाली जाते. ४००० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ४०० पट असतो, बंद रिकामी बाटली तिथे टिकणार नाही.

सेकंदाला एक मीटर या वेगाने तळ गाठायलाच तासाहून जास्त वेळ गेला. सीटीडी (चौकटीवरचं मोजमापाचं यंत्र) तापमान, क्षारता, दाब केबलमधून वर पाठवत होता. त्यांच्या आलेखाच्या रेषा बघून कोणकोणत्या खोलीवर पाणी घ्यायचं ते आम्ही ठरवलं. बाटल्या बंद करायच्या त्या वर येताना. चौकट आपल्यासोबत खालचं पाणी ओढत आणते, म्हणून विंच (केबल ओढणारं यंत्र) थांबवून निदान अर्धा मिनिट जाऊ द्यायचा आणि मगच बटण दाबायचं. इथे घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

डेकवर आल्यावर पहिलं काम गळती तपासायचं. वरचा स्क्रू बंद ठेवूनच तोटी उघडायची. चार थेंब पडून धार थांबली तर बाटली घट्ट. सातव्या बाटलीची धार थांबेचना. कुठूनतरी हवा आत शिरत होती, म्हणजे वाटेतलं पाणीही शिरलेलं असू शकतं. तिची नोंद 'संशयित' म्हणून केली.

पुढचा क्रम ठरलेला : वायू आधी, क्षारता शेवटी. पाणी काढू लागलं की बाटलीत हवा शिरते आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलू लागतं. त्यामुळे ऑक्सिजनचा नमुना आधी. नळी कुपीच्या तळाला टेकवून पाणी भरपूर ओसंडू द्यायचं. एक बुडबुडाही राहता कामा नये. मग ऑक्सिजन बांधून ठेवायला मँगनीजचं द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइड, दोन्ही पाण्याच्या पातळीखाली सोडायची. बूच लावून हलवलं की तपकिरी साका धरतो. तळाचं पाणी इतकं थंड की बोटं बधिर होतात.

त्यानंतर कार्बन, पोषकद्रव्यं, आणि क्षारतेच्या बाटल्या तीनदा विसळून.

सातव्या बाटलीचा ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलला. पुढच्या उतरणीत ती आणि शेजारची बाटली मुद्दाम एकाच खोलीवर बंद केली. दोघींची क्षारता जुळली.