तुम्ही विचारलंत म्हणून: ढोरांचा डॉक्टर फेफऱ्याची चौकशी का करतो?

नागपुरात ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात, "तुम्ही ढोरांचे डॉक्टर, माणसाच्या मेंदूतल्या गाठीशी तुमचा काय संबंध? आणि आमच्या घरात तर मांस शिजतही नाही."

मांसाचे आधी सांगतो. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पोटात जातो तो फीतकृमी. तो आतड्यात 2 ते 7 मीटर वाढतो आणि वर्षानुवर्षे राहूनही बहुधा फारसा त्रास देत नाही. फेफरे येते ते त्याच्या अंड्यांमुळे. कृमी बाळगणाऱ्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी हातांवरून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या कोथिंबिरीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे गाठी धरतात. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू वस्तीत, जेथे डुकराचे मांस धर्मानेच निषिद्ध आहे, असे रुग्ण आढळले होते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासात घरकामाला येणाऱ्यांपैकी एका व्यक्तीच्या पोटात फीतकृमी सापडला. त्या व्यक्तीला त्याची कल्पना असेलच असे नाही, म्हणून मी तिला दोष देत नाही.

आता माझा संबंध. रुग्णापासून मागे जाऊन कृमी बाळगणारा शोधणे फार अवघड असते, कारण लागण आणि पहिला झटका यांत बरीच वर्षे जाऊ शकतात. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांसह 450 रुग्णांचा जो अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हाच विलंब दिसतो. डुकराचे तसे नाही. माणसाच्या विष्ठेतली हीच अंडी खाऊन त्याला लागण होते, ते बहुधा लहान वयातच कापले जाते आणि मोकळे सोडले तरी आपल्या वस्तीच्या आसपासच फिरते, त्यामुळे त्याच्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे फोड दिसले, तर त्या वस्तीत कोणाच्या तरी पोटात हा कृमी आज आहे किंवा काही महिन्यांपूर्वीपर्यंत होता, असे समजावे. असे मांस बाद करणे योग्यच आहे, पण हे डुक्कर कोठून आले हे त्याच वेळी विचारून लिहून ठेवले नाही, तर हाती आलेला एकमेव ताजा धागा आपण गमावतो, आणि याची मला मनापासून खंत वाटते. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना औषध आणि डुकरांना औषध व लस असे दोन्ही एकत्र दिल्यावर शंभरावर गावांमध्ये हा फैलाव जवळपास थांबला; ते काम 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून मी वस्तीत जातो तेव्हा कोण काय खाते, हे विचारत नाही. बरणीतला फीतकृमीचा चपटा, पांढरा तुकडा दाखवतो आणि असे काही शौचात दिसले का, एवढेच विचारतो. चारचौघांत सहसा कोणी बोलत नाही. मी सामान आवरत असताना मात्र कोणीतरी हळूच जवळ येते, आणि त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रात नेऊन औषध मिळवून देणे हे माझे त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे काम असते.