घड्याळ, कापूस, पाट: काळजाचा ठोका सापडला!

मंडळी, जमलं एकदाचं. एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या भयकथेचं वाचन मी रेकॉर्ड करतोय. (निवेदक एका म्हाताऱ्याचा खून करून प्रेत फळ्यांखाली लपवतो आणि मग त्याला म्हाताऱ्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत राहतात.) पोलीस घरात येतात तिथवर ते पोचलं होतं आणि गाडी अडली होती काळजाच्या आवाजावर. फुकटात मिळणारे तयार ठोके ऐकले की मला सोनोग्राफीच्या खोलीबाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. ते या कथेला चालणार नाहीत.

खरं तर पोने 1843 सालीच साउंड डिझाइन लिहून ठेवलंय: कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा दबका, भरभर येणारा आवाज. म्हणून बाबांचं चावीचं एचएमटी जनता बाहेर काढलं. घोळ असा, की हे घड्याळ तासाला 18,000 वेळा ‘टिक’ करतं, म्हणजे मिनिटाला 300. कापसातून ऐकलं तर काळीज कसलं, उंदीर कुरतडतोय! त्यात आमचं घर ठाण्याच्या घोडबंदर रोडला लागून. रात्री ट्रेलर सुरू झाले की त्यांची घरघर नेमकी ठोक्याच्याच पट्ट्यात येऊन बसते. खालचे सूर कापावेत तर ठोक्यातला जीव जातो, ठेवावेत तर म्हाताऱ्याच्या खोलीतून मानपाड्याचा ट्रॅफिक.

तोडगा कथेतच होता. प्रेत फळ्यांखाली आहे ना? मग कापसात गुंडाळलेलं घड्याळ आईच्या जेवणाच्या पाटाखाली, पाटाला टेकेल असं, आणि वर चिकटवली पिएझो चकती, कंपनं पकडून त्यांचा आवाज देणारी. (लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळते. ‘काँटॅक्ट माइक’ नावाच्या डबीतली तीच चकती महागात घेऊ नका.) चकतीला हवेतलं कमी कळतं, लाकडातलं जास्त. मग ऑडेसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग एक चतुर्थांश केला. 300 चे झाले 75! सूर दोन सप्तकं खाली उतरला आणि 50 हर्ट्झची उरलीसुरली घरघर साडेबारावर गेली, म्हणजे कानाच्या टप्प्याबाहेरच. एका टिकमध्ये मुळात तीन बारीक आवाज दडलेले असतात. ते ताणले गेले आणि ‘टक’चं ‘ध-ढप’ झालं.

दिवे घालवून हेडफोनवर ऐकलं. कानशिलातली माझी नाडी त्याला जाऊन मिळाली. कुठला ठोका माझा नि कुठला पाटाखालचा कळेना. तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात आई दारात: “अरे, पाट कुठे नेलास?” दचकून हेडफोन कानावरून पडला.

तसं मला खुनाचं एवढं काही वाटत नाही. कंदिलावरून अंगठा सटकतो, म्हातारा उठून बसतो, आणि मग तासभर दोघंही काळोखात जागच्या जागी. तिथे माझा श्वास दर वेळी आखडतो. रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू येतो, कापणार नाही.

हे लिहितानाच सुचलं, त्याच जागी निवेदक भिंतीतल्या डेथवॉच किड्यांचं बोलतो, लाकडावर डोकं आपटून टकटक करणाऱ्या. मूळ वेगातली टिकटिक तुकडे पाडून तिथे घातली तर? किडा आणि काळीज, दोन्ही त्याच घड्याळातून! मग तो भाग थांबे वाढवून पुन्हा वाचावा लागेल. वाचू. संगीताचा ट्रॅक मात्र रद्द. वीज कडाडणं आणि कुत्रं रडणं आता पुरे झालं.

शेवटाकडे निवेदक खुर्ची फळ्यांवर घासतो, त्याचं काय करायचं? आमच्याकडे सगळ्या फरश्या. नौपाडा-चरईकडे कुणाच्या जुन्या घराला फळ्यांचा माळा असेल तर कळवा. खुर्ची मी घेऊन येतो.